पाळी गेल्यानंतरचं टेस्टोस्टेरॉन : कोणाला, किती आणि कशासाठी?

शेवंती
मेनोपॉजवरची कुठलीही रील उघडा, दुसऱ्या वाक्याला टेस्टोस्टेरॉन येतं. थकवा असो, विसरभोळेपणा असो, पोटावरची चरबी असो, सगळ्यावर तेच. उलट दवाखान्यात हा शब्द काढला तर "ते पुरुषांचं हार्मोन, तुम्हाला कशाला?" म्हणून विषय संपतो. दोन्हीकडून नुकसान बायकांचंच होतंय, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. पाळी पूर्ण गेलेली आहे, कामेच्छा कमी झाली आहे, त्याचा त्या बाईला स्वतःला त्रास होतोय आणि बाकीची कारणं तपासून झाली आहेत, अशा वेळी टेस्टोस्टेरॉन हा रास्त उपाय आहे. २०१९ मध्ये जगभरच्या मेनोपॉज आणि एंडोक्राइन (हार्मोनविषयक) संघटनांनी मिळून जे निवेदन काढलं, त्यात हे एवढं एकच कारण मान्य केलंय. 'तिला स्वतःला' हे शब्द कृपया कोणी गाळू नका. नवऱ्याची तक्रार एवढ्यावर हे औषध सुरू करायचं नसतं.

अडचण पुढे आहे. बायकांच्या मात्रेचं, बायकांसाठी परवाना असलेलं टेस्टोस्टेरॉन भारतात मिळत नाही. डॉक्टर पुरुषांच्या जेलची चिठ्ठी देतात आणि "थोडंसं लावा" म्हणतात. थोडंसं म्हणजे किती? रक्ताच्या तपासण्या कोणत्या आणि कधी? कोणी याच्या वाटेला जाऊच नये? जाणकारांनी नेमकं लिहावं. अनुभवांचे धागे भरपूर आहेत, इथे माहिती हवी आहे.

रानजाई
चांगला विषय. सुरुवात शरीरापासून करू, कारण बराचसा गोंधळ तिथेच आहे.

टेस्टोस्टेरॉन बाईच्या शरीरातही बनतं. साधारण पाव हिस्सा अंडाशयात, पाव हिस्सा अॅड्रिनल ग्रंथींमध्ये, आणि उरलेलं निम्मं चरबी, त्वचा वगैरे ठिकाणी अँड्रोस्टेनडायोन आणि डीएचईए या दुसऱ्या हार्मोनांपासून तयार होतं. तरुण बाईच्या रक्तात वजनाने मोजलं तर ते इस्ट्रोजेनपेक्षाही जास्त असतं.

पाळी जाताना इस्ट्रोजेन झपकन कोसळतं, तसं टेस्टोस्टेरॉनचं होत नाही. ते विशीपासून हळूहळू उतरत येतं आणि चाळिशी ओलांडेपर्यंत जवळजवळ निम्मं झालेलं असतं. म्हणजे नैसर्गिकरीत्या पाळी गेली त्या वर्षी काही बटण दाबल्यासारखं बंद पडत नाही. त्यामुळे "गरम वाफा येतात, टेस्टोस्टेरॉन द्या" याला अर्थ नाही. वाफा, रात्रीचा घाम, झोपमोड हा इस्ट्रोजेनचा प्रांत.

अपवाद एक आणि तो मोठा आहे : दोन्ही अंडाशयं काढली असतील तर टेस्टोस्टेरॉन काही दिवसांतच निम्म्यावर येतं.

अबोली
"पिशवी काढली" एवढंच बहुतेकींना माहीत असतं. अंडाशयं ठेवली की काढली हे डिस्चार्ज कार्डावर बघावं लागतं. 'टीएएच' म्हणजे फक्त गर्भाशय. 'बीएसओ' ही अक्षरं पुढे जोडलेली असतील तर दोन्ही अंडाशयं आणि नळ्याही गेल्या.

सह्यकडा
अबोलीताईंचा मुद्दा महाराष्ट्रात फार महत्त्वाचा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. यातल्या कित्येक तिशी-पस्तिशीच्या. ज्यांची अंडाशयंही गेली, त्यांना इस्ट्रोजेन कोणी देत नाही, टेस्टोस्टेरॉन तर लांबची गोष्ट. हाडं, हृदय, झोप, इच्छा, सगळं एकदम. चर्चा शहरातल्या जेलपुरती राहू नये म्हणून लिहिलं.

रानजाई
पूर्ण सहमत. आणि अशा बायकांत क्रम चुकवायचा नाही. पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं गेली असतील आणि स्तनाचा कर्करोग किंवा तसं दुसरं काही आड येत नसेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन आधी. टेस्टोस्टेरॉनचा विचार त्यानंतर.

पैठणी_जांभळी
शेवंतीताई, एका मुद्द्यावर माझा विरोध आहे. थकवा आणि एकाग्रतेतही फरक पडतो असं हे जेल वापरणाऱ्या अनेक जणी सांगतात. पुरावा नाही याचा अर्थ परिणाम नाही असा होत नाही ना?

शेवंती
तुमचं म्हणणं तर्काला धरून आहे, पण इथे प्रयोग झालेले आहेत. २०१९ च्या एकत्रित विश्लेषणात ३६ चाचण्या आणि ८,४८० बायका होत्या. कामेच्छा, उत्तेजना, समाधान यांत फरक दिसला. मूड आणि आकलनशक्ती यांत दिसला नाही.

आणि जो फरक दिसला तोही केवढा हे बघा : समाधानकारक संबंधांची संख्या महिन्याला सरासरी जेमतेम एकाने वाढली. २००८ च्या पॅचच्या (त्वचेवर चिकटवायच्या टेस्टोस्टेरॉनच्या पट्टीच्या) चाचणीत, जिथे बायका इस्ट्रोजेन घेत नव्हत्या, रोज ३०० मायक्रोग्रॅम मिळणाऱ्यांत चार आठवड्यांमागे २.१ ने वाढ झाली आणि नुसत्या औषधविरहित पॅचवर ०.७ ने. म्हणजे पॅच लावल्याच्या अपेक्षेनेही थोडं बरं वाटतंच. थकव्यातही ही अपेक्षा काम करू शकते. म्हणून "अनेक जणी सांगतात" यावर मी थांबत नाही.

पैठणी_जांभळी
०.७ ची गोष्ट माहीत नव्हती. पटलं. तरी थकव्यासाठी बाईला वाऱ्यावर सोडू नये एवढंच माझं म्हणणं.

रानजाई
सोडायचं नाहीच. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा), बी १२, टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (साखर), ड जीवनसत्त्व बघा. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं विचारा, पाळी गेल्यावर हे बायकांत वाढतं आणि कोणी विचारत नाही. शाकाहारी घरांत बी १२ ची कमतरता इतकी सर्रास आहे की तिच्याआधी टेस्टोस्टेरॉनकडे जाणं म्हणजे उलटा प्रवास.

कामेच्छेसाठी औषधांची यादीही तपासा. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन या नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्या इच्छा आणि तृप्ती दोन्ही मारू शकतात. पण त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. मात्रा कमी करणं किंवा ब्युप्रोपिऑनसारखी दुसरी गोळी हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञाचा.

काळी_चंद्रकळा
आणि दुखणं! ते राहिलंच. योनीमार्ग कोरडा, त्वचा पातळ, संबंधाच्या वेळी सुऱ्या लागल्यासारखं दुखतं, तर इच्छा कशी होईल? तिथे टेस्टोस्टेरॉन वाढवून काय साधणार? आधी एस्ट्रिऑलचं, म्हणजे योनीत लावायच्या सौम्य इस्ट्रोजेनचं, क्रीम. १ ग्रॅमला १ मिग्रॅ. ताकदीचं क्रीम भारतात सहज मिळतं. अर्धा ग्रॅम, रोज रात्री, दोन ते तीन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा. हे चालूच ठेवायचं असतं. बरं वाटलं म्हणून थांबवलं की दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. रक्तात ते फार थोडं जातं, त्यामुळे या मात्रेला सोबत गर्भाशयाच्या अस्तराला जपणारं प्रोजेस्टेरॉन लागत नाही.

पहिल्या आठवड्यात जळजळ होते म्हणून पुष्कळ जणी सोडून देतात. पातळ झालेल्या त्वचेवर क्रीमचा बेस झोंबतो, त्वचा सुधारली की बहुधा कमी होतं. क्रीम नुसतं आत नळीने सोडू नका, बोटाने बाहेरच्या भागाला आणि योनीच्या तोंडाशीही लावा, दुखण्याचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं.

मात्रा
औषधशास्त्राच्या बाजूने मूळ प्रश्नाला हात घालते.

भारतात मिळणारं नेहमीचं जेल १ टक्का असतं. ५ ग्रॅमचं पाकीट, त्यात ५० मिग्रॅ. टेस्टोस्टेरॉन. त्वचेतून साधारण दहावा हिस्सा आत जातो, म्हणजे पुरुषाला रोज ५ मिग्रॅ. मिळतात. त्याचं शरीर निरोगी असताना एवढंच बनवतं. बाईचं शरीर तरुणपणी रोज पाव मिलिग्रॅमच्या आसपास बनवतं. म्हणून बाईची नेहमीची मात्रा रोज ५ मिग्रॅ. जेलमधून, म्हणजे अर्धा ग्रॅम, म्हणजे पाकिटाचा दहावा भाग. एक पाकीट दहा दिवस.

मोजायचं कसं : "वाटाण्याएवढं" हे माप सोडून द्या. हिरवा वाटाणा की सुका, इथेच मात्रा दुप्पट होते. बिनसुईची १ मिलीची सिरिंज घ्या. दट्ट्या पूर्ण बाहेर काढा, पाकिटाचा कोपरा बारीक कापून जेल मागच्या बाजूने सिरिंजमध्ये सोडा, दट्ट्या बसवा, तोंड वर करून टिचक्या मारून बुडबुडे काढा. मग ०.५ मिलीच्या खुणेपर्यंत. जेल पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, पण तो फरक इथे सोडून देण्याइतका आहे.

उरलेल्या पाकिटाचं तोंड दोनदा दुमडून घट्ट चिमटा लावा आणि हवाबंद छोट्या डबीत ठेवा. यात अल्कोहोल असतं, ते उडालं की जेल घट्ट होतं आणि त्याच अर्ध्या मिलीत औषध जास्त येतं. डबीवर उघडल्याची तारीख लिहा. दहा दिवसांनंतर उरलं तर फेकायचं. आणि दहा दिवस पुरलंच नाही, सहा दिवसांत संपलं, तर तुम्ही जास्त लावताय हे त्यातूनच कळतं.

सह्यकडा
इन्सुलिनची सिरिंज चालेल का? घरी असते.

मात्रा
नको. इन्सुलिनच्या सिरिंजवर मिली नसतात, युनिट असतात, आणि आपल्याकडे यू-४० आणि यू-१०० दोन्ही मिळतात. यू-४० वर अर्धा मिली म्हणजे २० खुणा, यू-१०० वर ५०. घाईत गल्लत होणारच. शिवाय सुई बहुतेकदा पक्की बसवलेली असते. ट्युबरक्युलिन सिरिंज (मिलीच्या खुणांची, १ मिलीची) मागा, औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळते.

जेलची ताकदही प्रत्येक वेळी वाचा. २ टक्के असेल तर तोच अर्धा मिली १० मिग्रॅ. होतो. ब्रिटनमध्ये अशा जेलचा एक पंप एक दिवसाआड देतात तो याच हिशेबाने. नातेवाइकाने तिकडून आणलेलं जेल इकडच्या मापाने लावू नका.

मुक्काम_मेलबर्न
इकडे ऑस्ट्रेलियात बायकांसाठीच बनवलेलं १ टक्क्याचं क्रीम आहे, अँड्रोफेम. २०२० मध्ये त्याला इथल्या औषध नियामकाची मान्यता मिळाली. ट्यूब ५० मिलीची, सोबत खुणा असलेली मोजनळी. सुरुवात ०.५ मिली म्हणजे ५ मिग्रॅ., कमाल १ मिली. त्यात बदामाचं तेल आहे, त्यामुळे सुक्या मेव्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी टाळावं. युरोपात बायकांसाठी पॅच होता, २००६ मध्ये मान्य झाला आणि २०१२ मध्ये कंपनीने व्यापारी कारणाने बाजारातून काढला. अमेरिकेत बायकांसाठी मान्य असं टेस्टोस्टेरॉन अजूनही नाही. त्यामुळे मोजमापाची ही कसरत फक्त भारतातल्या बायकांना करावी लागते असं नाही.

अबोली
लावायचं कुठे? मनगटावर अत्तरासारखं लावतात असं पाहिलंय.

मात्रा
मनगटावर, हातावर, मानेवर, स्तनांवर नको. ओटीपोट किंवा मांडीची बाहेरची, वरची बाजू. अंघोळ करून त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर, रोज एकाच वेळेला. जागा रोज थोडी बदला, एकाच ठिकाणी लावत राहिलं तर तिथे लव दाट होते. पाच मिनिटं वाळू द्या, मग कपड्याने झाका. हात साबणाने धुवा. त्यानंतर दोन-तीन तास तो भाग भिजवू नका. ओलं असेपर्यंत गॅस, निरांजन, उदबत्ती यांच्या जवळ जाऊ नका, अल्कोहोल पेट घेतं. अंघोळ करून थेट देवघरात किंवा स्वयंपाकघरात जाण्याची आपल्याकडची सवय बघता हे मुद्दाम सांगते.

वाचक_एक
नवरा म्हणून विचारतो, स्पर्शातून आपल्याला लागण्याचा धोका?

मात्रा
मोठ्या पुरुषाला या मात्रेत विशेष नाही. खरा धोका लहान मुलांना. मोठ्यांच्या अंगावरचं जेल लागून मुलांत अकाली लव, जननेंद्रियांची वाढ असे प्रकार झाल्यामुळे २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जेलांवर सर्वांत ठळक इशारा छापायला लावला. नातवंड मांडीवर येऊन बसतं, म्हणून घरात लहान मूल असेल तर मांडीपेक्षा ओटीपोट बरं, आणि वर कपडा हवाच. कापलेलं पाकीट मुलांच्या हाती लागणार नाही असं टाका.

पैठणी_जांभळी
आता तपासण्या. कमी टेस्टोस्टेरॉनची कुठलीही ठरलेली पातळी नाही म्हणतात, मग रक्त तपासायचं तरी कशाला?

रानजाई
उत्तम प्रश्न. निदानासाठी नाही, सुरक्षेसाठी. सुरू करण्याआधी एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी. आधीच वरच्या टोकाला असेल तर द्यायचं नाही. मग तीन ते सहा आठवड्यांनी पुन्हा, जास्त होत नाही ना हे बघायला. चालू ठेवलं तर दर सहा महिन्यांनी.

एसएचबीजी हे टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन. धरलेलं टेस्टोस्टेरॉन फारसं कामाला येत नाही, मोकळं असतं ते येतं. हिशेब असा : एकूण टेस्टोस्टेरॉन नॅनोमोलमध्ये घ्या, शंभरने गुणा, एसएचबीजीने भागा, येतो तो मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा निर्देशांक. आपल्या लॅब एनजी प्रति डेसिलिटर देतात, त्याला ०.०३४७ ने गुणलं की नॅनोमोल. ३० एनजी म्हणजे १.०४. एसएचबीजी ५० असेल तर निर्देशांक २.१, एसएचबीजी १२० असेल तर ०.९, आणि २० असेल तर ५.२. टेस्टोस्टेरॉन तेच, चित्र तीन. ५ च्या वर असेल तर मी सुरू करायला सांगणार नाही.

आता ही गंमत नीट बघा. तोंडाने घ्यायची इस्ट्रोजेनची गोळी एसएचबीजी वाढवते. म्हणजे वाफांसाठी गोळी घेणाऱ्या बाईची इच्छा कमी झाली तर त्याला गोळीच कारण असू शकते. पहिली पायरी टेस्टोस्टेरॉनची नाही, गोळीऐवजी इस्ट्रोजेन जेल किंवा पॅचवर जाण्याची. त्वचेतून गेलेलं इस्ट्रोजेन यकृतावर तेवढा जोर देत नाही. एवढ्यावरच कित्येकींचं काम भागतं. (गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉन दोन्हीत लागतंच.) थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल (हायपरथायरॉइड) तरी एसएचबीजी चढतं. उलट मधुमेह, पीसीओएस, पोटाचा घेर जास्त असेल तर ते खाली असतं. अशा बाईला ठरलेली मात्रासुद्धा जड जाऊ शकते.

अबोली
लॅबबद्दल दोन गोष्टी जोडते. नेहमीची इम्युनोअॅसे पद्धत पुरुषांच्या पातळीसाठी ठीक आहे, बायकांच्या खालच्या पातळीला ती भरवशाची नाही. एलसी-एमएस पद्धत मागा, मोठ्या लॅब नमुना मध्यवर्ती प्रयोगशाळेत पाठवून करतात. आणि प्रत्येक वेळी तीच लॅब, तीच पद्धत, नाहीतर तुलना निरर्थक. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर काही इम्युनोअॅसेत आकडा खोटा चढतो, दोन-तीन दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा. एकक वाचा : काही अहवाल एनजी प्रति मिलीलिटर देतात, तिथे ०.३० म्हणजे वरचेच ३०.

काळी_चंद्रकळा
पेलेट्सबद्दल कोणी लिहिलं नाही. कातडीखाली दाणे बसवायचे, चार-सहा महिने निश्चिंत, अशी जाहिरात असते.

रानजाई
अजिबात नाही. एकदा बसवलेला दाणा सहज काढता येत नाही आणि पातळी बाईच्या मर्यादेच्या पार वर जाते. आवाज घोगरा झाला तर तो औषध थांबवूनही परत येईलच असं नाही. इंजेक्शनचं तेच : पुरुषांच्या २५० मिग्रॅ. च्या इंजेक्शनमध्ये बाईच्या शरीराला वर्षाहून जास्त पुरेल एवढं टेस्टोस्टेरॉन असतं, ते काही आठवड्यांत रक्तात उतरतं. ४० मिग्रॅ. च्या तोंडाने घ्यायच्या कॅप्सूल चांगलं कोलेस्टेरॉल खाली आणतात आणि शोषणाचा भरवसा नाही. डीएचईएच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात, त्यांनी इच्छा वाढते असं चाचण्यांत दिसलेलं नाही. त्वचेवर लावायचं, बाईच्या मात्रेत, एवढाच मार्ग.

सह्यकडा
अश्वगंधा, शतावरी?

रानजाई
टेस्टोस्टेरॉनला पर्याय म्हणून नाही. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि ती थायरॉइडच्या तपासणीतही ढवळाढवळ करते. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

शेवंती
"कोणी घेऊ नये" हे अजून सुटं सुटं येतंय, मला समजलं ते असं : हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कर्करोग झालेला असेल, यकृताचा चालू आजार असेल, गर्भारपण किंवा अंगावर पाजणं असेल, तर नाही. स्पर्धेत धावणाऱ्या, वजन उचलणाऱ्या बायकांनी विचार करावा, टेस्टोस्टेरॉन उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे आणि मास्टर्स (वयाने मोठ्या खेळाडूंच्या) गटालाही ती लागू होते.

रानजाई
बरोबर. एक जोडा : पाळी पुढे-मागे होतेय पण गेलेली नाही, तेव्हा दिवस राहू शकतात. टेस्टोस्टेरॉन चालू असताना गर्भ मुलीचा असेल तर तिच्या जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम होतो. त्यामुळे त्या काळात गर्भनिरोधनाशिवाय नाहीच. आणि ज्यांची पाळी चालू आहे त्यांच्यात फायद्याचा पुरावाही तोकडा आहे.

पैठणी_जांभळी
किती दिवस वाट बघायची? आणि दुष्परिणाम दिसले तर?

मात्रा
सहा ते आठ आठवड्यांनी फरक जाणवायला लागतो, पूर्ण अंदाज बारा आठवड्यांना. सहा महिन्यांत काहीच नाही तर थांबवायचं, मात्रा चढवत बसायची नाही.

पुटकुळ्या, तेलकट चेहरा, हनुवटीवर लव : आधी सिरिंजचं माप तपासा, मग रक्त, मग डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड. डोक्याचे केस पुढून विरळ होणं, आवाज जड होणं, क्लिटोरिस मोठी होणं : त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन. आवाजाचा बदल घरच्यांना आधी कळतो, विशेषतः फोनवर. गाणाऱ्या, शिकवणाऱ्या बायकांनी सुरू करण्याआधी आपला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावा, दर महिन्याला तेच कडवं पुन्हा, म्हणजे वरचा सूर लागेनासा झाला तर वेळेत लक्षात येईल.

काळी_चंद्रकळा
बंद करताना हळूहळू कमी करावं लागतं का, स्टेरॉइडच्या गोळ्यांसारखं?

मात्रा
नाही. या मात्रेत एकदम थांबवलं तरी चालतं, जेलचा अंमल दोन-चार दिवसांत उतरतो. आणि ज्या दिवशी रक्त द्यायचं त्या दिवशी जेल रक्त दिल्यानंतरच लावा. आदल्या दिवशी ते हातावर लागलं असेल आणि सुई तिथूनच टोचली तर आकडा भलताच येतो. टेक्निशियनला जेल कुठे लावता हे आधीच सांगा.

शेवंती
मात्राताई, रानजाईताई, खूप आभार. सिरिंजची कृती आणि निर्देशांकाचं सूत्र वेगळं काढून ठेवते. दोन्ही अंडाशयं काढलेल्या बायकांसाठी इस्ट्रोजेनचा स्वतंत्र धागा हवा. सह्यकडा, तुम्ही आणि अबोलीताई मिळून काढाल का?

अबोली
काढते. डिस्चार्ज कार्ड कसं वाचायचं तिथून सुरू करू.